कळप खाली आला, भाऊजी

भाऊजी, काल दुपारी कळप खाली उतरला. सगळ्या कालवडी सुखरूप आहेत. हे आधी सांगते, कारण तुम्ही पहिला प्रश्न तोच केला असता. कोण आलं होतं आणि कोण रडलं, हे तुमच्या हिशेबी नंतरचं.

वर्तमानपत्रात असताना मी निधनाच्या बातम्या पुष्कळ लिहिल्या. त्यांचा साचा ठरलेला असतो: वय, हुद्दा, आजार, मागे कोण. तुमच्यासाठी तो साचा वापरून पाहिला आणि चार ओळींतच अडले. तुमच्या कंपनीने काढलेल्या शोकसंदेशात लिहिलं होतं की तुम्ही सुट्टीवर असताना गेलात. बॉबलिंगेनच्या स्मशानभूमीतल्या छोट्या सभागृहात मराठी मंडळातले लोकही तेच म्हणत होते. एका गृहस्थांनी नितीनला विचारलं, ट्रेकिंगला गेले होते ना? तुमचा धाकटा भाऊ अशा वेळी बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. मी म्हणाले, ट्रेकिंगला नाही, कामावर होते. त्यांनी समजुतीने मान हलवली. दुःखात माणूस काहीही बोलतो, अशी ती मान होती.

आपल्या दोघांत वाद होता तो याच गोष्टीवर. सहा उन्हाळे चालला आणि अर्धवट राहिला.

वर्षातले नऊ महिने तुम्ही बॉबलिंगेनला गिअरबॉक्सच्या चाचण्या घ्यायचात. जून अर्धा सरला की फ्लॅटची खिडकी नीट लावून, शेजारणीकडे किल्ली देऊन जर्मनीच्या दक्षिण टोकाला आल्गॉयच्या डोंगरात जायचात आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिथेच असायचात. गाडीरस्ता संपतो तिथून दोन तास चढल्यावर लागणाऱ्या कुरणावर, दुसऱ्यांच्या कालवडी सांभाळत. पहिल्या वर्षी एका आठवड्यासाठी गेलात. परत आल्यावर साहेबाशी बोलून दरवर्षी तीन महिन्यांची बिनपगारी रजा ठरवून घेतलीत. पुण्याहून आईंनी फोनवर तुम्हाला धारेवर धरलं. इंजिनिअर केला, परदेशी पाठवला, आणि तिथे जाऊन गुराखी झाला. गुरंच राखायची होती तर मुळशीला काय वाईट होतं? तुम्ही म्हणालात, आई, मुळशीला आता गुरं नाहीत, बंगले आहेत.

मंडळाचा गणपती नेमका तुमच्या वरच्या मुक्कामात यायचा. श्रीकांत कुठेय, असं नवीन कोणी विचारलं की जुनं कोणीतरी सांगायचं, गाईंकडे. लोक हसायचे. मी हसत नसे, पण माझं मत त्यांच्यापेक्षा फार वेगळं नव्हतं. मी म्हणायचे, भाऊजी, तुम्ही तिथे पाहुणे आहात.

"पाहुण्याला कोणी पहाटे उठवून डोंगरावर पिटाळत नाही, मेधा."

"पिटाळतात. हल्ली त्याचे पैसेही घेतात."

तुम्ही मनापासून हसलात. पण मी तेवढ्यावर सोडलं नाही. पहिल्या वाईट दिवशी ज्याला निघून जाता येतं तो पाहुणा, अशी माझी व्याख्या होती. वर कुरण सांभाळणाऱ्या बुर्गीला निघून जाता येत नाही. तुमचा बॉबलिंगेनला फ्लॅट आहे, विमा आहे, म्हातारपणाची तजवीज आहे. तुम्ही कप खाली ठेवून विचारलंत की पाहुणा नसायला काय करावं लागतं. मी म्हणाले, ते तुम्ही ठरवायचं नाही आणि मीही नाही. तिथल्या माणसांनी ठरवायचं.

मला तुमच्यावर लिहायचं होतं. रविवारच्या पुरवणीला शोभेल असा विषय होता आणि तुम्हाला ते दिसतही होतं. तुम्ही नको म्हणालात. लिहिलंस तर मी पर्यटक होईन, म्हणालात. म्हणून लिहिलं नाही. आज लिहिते आहे, कारण आता तुम्ही तसे होण्याचा धोका उरलेला नाही. तो कसा गेला, ते पुढे येईलच.

मी आणि नितीन पहिल्यांदा न्युरेम्बर्गच्या आमच्या घरून वर आलो, तो दिवस मी आजवर कोणाला नीट सांगू शकलेले नाही. धुकं इतकं होतं की झोपडीच्या दारातून समोरचा पाण्याचा हौद दिसत नव्हता. बुर्गीने कॉफी दिली. ती त्या कुरणाची मुख्य गुराखी, तिच्या आधी तिचा बाप होता. साठीची बाई, रुंद हातांची. ती माझ्याशी पहिलं वाक्य बोलली ते हे, की श्री पुण्यातही एवढाच कमी बोलायचा का. मी म्हणाले, घरात आई होत्या, संधी कमी मिळायची. तिला ते पटलं.

मग तुम्ही मिठाची पिशवी खांद्याला लावून बाहेर गेलात आणि हाक मारलीत. ती हाक मराठी नव्हती आणि जर्मनही म्हणता आली नसती. लांबवलेला एकच स्वर, शेवटाकडे वर चढत जाणारा. काही झालं नाही. मग फार खालून एक घंटा वाजली. मग उजवीकडून तीन-चार. मग आवाजाला दिशाच राहिली नाही, सगळा डोंगर वाजू लागला आणि पायाखालची जमीन किंचित थरथरली. धुक्यातून एक ओलं काळं नाक बाहेर आलं. त्याच्यामागे दुसरं. त्याच्यामागे शंभरावर कालवडी, राखी-तपकिरी, कानांत पांढरे केस, श्वासांची वाफ धुक्यात मिसळत असलेल्या. त्या तुमच्याभोवती आल्या आणि थांबल्या. नितीनने माझा दंड धरला होता, हे मला नंतर कळलं. मी लाखांच्या सभांचं वार्तांकन केलं आहे. एका माणसाच्या हाकेला एवढं काही येताना मी तेव्हाच पाहिलं.

तुम्ही मीठ खडकांवर मुठीमुठीने ठेवत गेलात आणि प्रत्येकीकडे एकेकदा पाहिलंत. रोज सकाळचं काम तेच. प्रत्येक जनावर आपल्या पायांवर उभं असलेलं डोळ्यांनी बघायचं. दिसलं नाही तर दिसेपर्यंत शोधायचं, मग ते दरीत असो की शेजारच्या हद्दीत. बाकीचा दिवस कुंपणाचा. हिवाळ्यात बर्फाने आडवे केलेले खांब पुन्हा ठोकायचे, तारा ओढायच्या. कुरणात घरंगळलेले दगड वेचून कडेला रचायचे, काटेरी झुडपं विळ्याने कापायची, लंगडणारी कालवड धरून तिचा खूर साफ करायचा. तुम्ही हे सांगताना आवाज कधी चढवला नाहीत. पण एक गोष्ट सांगताना तुम्ही हातातलं काम थांबवायचात. जूनमध्ये कालवडी वेगवेगळ्या गोठ्यांतून येतात, एकमेकींना अनोळखी. आठवडाभर शिंगं लावून भांडतात. मग एका सकाळी भांडण संपलेलं असतं. कोण पुढे चालणार, कोण मागे, पाण्यावर आधी कोण, सगळं ठरलेलं असतं आणि ते कोणीही ठरवलेलं नसतं. सप्टेंबरात गवत पिवळं पडलं की त्या आपणहून खालच्या फाटकापाशी येऊन उभ्या राहतात. कोणी बोलावलेलं नसतं. हे सांगून झालं की तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे पाहायचात, जणू स्पष्टीकरण माझ्याकडे असेल.

दुसऱ्या वर्षी आम्ही आलो तेव्हा वादळ झालं. दुपारीच अंधारून आलं. तुम्ही आणि बुर्गी बोलण्यात वेळ न घालवता बाहेर पडलात, कारण कळप वरच्या कण्यावर, म्हणजे डोंगरधारेवर, होता आणि तिथे एकटी झाडं आहेत. मी आणि नितीन खिडकीशी उभे राहिलो. वीज पडायची तेव्हा सगळा उतार क्षणभर दिवसासारखा दिसायचा, त्यावर तुम्ही दोघं काडीएवढी आणि तुमच्यापुढे खाली वाहत येणारा कळप. पुन्हा अंधार. पुढच्या उजेडात तुम्ही दुसरीकडे असायचात. मी घाबरले होते, पण खिडकीपासून हलू शकले नाही, आणि त्याचं कारण भीती नव्हतं. तसं काही मी पुन्हा पाहणार नाही, हे मला तिथेच कळत होतं.

सकाळी एका झाडाखाली एक कालवड मेलेली सापडली. हेलिकॉप्टरने तिला दोराला लटकवून दरीवरून नेलं. तुम्ही ते दिसेनासं होईपर्यंत उभे होतात. मग म्हणालात, यंदा फुलं नाहीत.

त्या दिवशी तुम्ही मला ती रीत सांगितलीत. उन्हाळाभर वर काही अघटित घडलं नाही, जनावर गेलं नाही, माणूस गेलं नाही, तर उतरायच्या दिवशी सर्वांत पुढच्या कालवडीच्या डोक्यावर फुलांचा मोठा मुकुट बांधतात. फर झाडाची डहाळी, डोंगरातली फुलं, मध्ये छोटा आरसा. काही गमावलं असेल तर ती उघड्या डोक्याने चालते. गावातल्या रस्त्यावर दुतर्फा माणसं उभी असतात. त्यांना कोणी काही सांगावं लागत नाही. मी म्हणाले, याहून नेमका मथळा मी पाहिलेला नाही. तुम्हाला ती दाद आवडली, असं मला वाटलं.

तुमच्या वाट्याला मुकुट काही येईना. एका वर्षी ओल्या खडकावरून घसरून एक गेली, एका वर्षी आजाराने. ज्या एका वर्षी सगळ्या राहिल्या, त्या वर्षी उतरणीच्या आधी आठवडाभर आई पुण्यात पडल्या आणि तुम्ही विमान धरलंत. बुर्गीने पाठवलेला फोटो तुम्ही हॉस्पिटलात आईंना दाखवलात. आई म्हणाल्या, पोळाच की हा. पुढच्या वर्षी मी हिच्यामागे चालणार, असं तुम्ही त्यांना सांगितलंत. पुढच्या वर्षी पुन्हा एक गेली.

यंदा ऑगस्टात तुम्ही फोन केलात तो कण्यावरून, जिथे रेंज मिळते तिथून. अजून सगळ्या आहेत, म्हणालात. इतक्या हळू, जणू मोठ्याने बोललं तर दृष्ट लागेल.

त्यानंतरचं मी थोडक्यात लिहिते. कण्याखालच्या कुंपणाशी बुर्गीला तुम्ही खांबाला टेकून बसलेले दिसलात. तिला छाती दाखवायच्या आधी तुम्ही तुटलेली तार दाखवलीत. हेलिकॉप्टरने तुम्हाला खालच्या हॉस्पिटलात आणलं. आम्ही न्युरेम्बर्गहून पोहोचलो तेव्हा तुम्ही शुद्धीवर होतात. मला वाटलं, आईंबद्दल काही विचाराल. तुम्ही विचारलंत, तार बांधली का? नितीनला काहीच माहीत नव्हतं. तो लगेच म्हणाला, बांधली, दादा. तुम्ही डोळे मिटलेत. दुसऱ्या दिवशी तुम्ही गेलात. नितीनचं ते वाक्य खरं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. हेलिकॉप्टर वर उचललं गेलं तशी बुर्गी वळली आणि तिने आधी तार बांधली. हे तिने फोनवर सांगितलं, आणि हेही, की ती बॉबलिंगेनला येऊ शकत नाही. जनावरं सोडून आले तर श्री मला बोलेल, म्हणाली.

उतरणीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघं वर गेलो. झोपडीत बुर्गीबरोबर एक शेतकरी बसला होता. वरच्या कालवडींपैकी बऱ्याच त्याच्या, आणि बाकी मालकांच्या वतीने तोच बोलतो. टेबलावर मुकुटाचा सांगाडा होता, तारेचा, डहाळी गुंडाळलेला. त्याच्या बायकोने तो ऑगस्टातच करून ठेवला होता. फुलं तेवढी बांधायची राहिली होती.

त्याने आमचं सांत्वन केलं आणि मग आपलं म्हणणं मांडलं. माणूस वाईट नव्हता. एकही जनावर गेलेलं नाही. दोन वर्षांनी असा उन्हाळा आला आहे. आणि तुमच्याविषयी पूर्ण आदर ठेवून, तुम्ही डोंगरावर नाही, खाली हॉस्पिटलात गेलात.

मी त्याच्या बाजूने बोलले, भाऊजी. माझं कारण वेगळं होतं. मला जमेल तितक्या चांगल्या जर्मनमध्ये मी बुर्गीला म्हणाले, हा मुकुट पाहायला ते सहा वर्षं थांबले होते. त्यांच्यासाठी घाला.

तिने माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मुकुट घातला तर रस्त्यावरच्या प्रत्येक माणसाला मी सांगते की वर गेलेले सगळे परत आले. सगळे आले का?"

शेतकऱ्याने चाचरत तो शब्द उच्चारला. म्हणाला, पण ते शेवटी गास्ट होते ना, बुर्गी. पाहुणे. सुट्टी घेऊन यायचे.

तो माझाच शब्द होता. सहा वर्षं मी तो तुमच्यासमोर वापरला होता, आणि आता तो टेबलावर मुकुटाच्या शेजारी पडला होता.

बुर्गी चिडली नाही. "पाहुणा गेला तर मला वाईट वाटतं," ती म्हणाली. "मी त्याच्या घरी पत्र पाठवते. पाहुण्यासाठी मी कळप उघड्या डोक्याने खाली नेत नाही."

पहिला बोलला तो नितीन. त्याने मुकुटाचा सांगाडा शेतकऱ्याकडे सरकवला आणि म्हणाला, नको. घालू नका. शेतकऱ्याने तो उचलला, काखेत धरला, आणि जाताना दारात थांबून बुर्गीला म्हणाला की बाकीच्यांना मी सांगतो.

सकाळी कालवडींच्या गळ्यात उतरणीच्या मोठ्या घंटा बांधल्या. रुंद चामडी पट्टे, डोक्याएवढ्या घंटा. बुर्गीने नितीनला एका जागेकडे बोट दाखवलं, कळपाच्या मागे, डावीकडे, दरीच्या बाजूला. तुमची जागा, असं ती म्हणाली नाही. नितीननेही विचारलं नाही. मी तिच्याबरोबर पुढे होते. फाटक उघडलं आणि सगळं एकदम हललं. मला वाटलं होतं, आपण त्यांना खाली नेणार. तसं काही नसतं. ते एक वजन आहे, ते उतरायला लागलं की उतरतं, आणि माणसं त्याच्या कडेने चालतात. जंगलात घंटांचा आवाज झाडांवर आपटून परत येत होता. शेवटच्या वळणावर दरी उघडली तेव्हा तो आवाज खालच्या सगळ्या पोकळीत भरला आणि पलीकडच्या डोंगरावरून पुन्हा ऐकू आला. तिथे दुसरा कळप नव्हता. तो आपलाच होता. त्या क्षणी मला तुमचं ते थांबून माझ्याकडे पाहणं समजलं. स्पष्टीकरण माझ्याकडेही नाही, भाऊजी.

गावाच्या तोंडाशी गर्दी होती. बँडवाले वाजवण्याच्या तयारीत होते. पुढच्या कालवडीचं उघडं डोकं दिसलं आणि बोलणं पुढे पुढे थांबत गेलं. फोटोसाठी वर धरलेले फोन खाली आले. कुंपणाशी उभ्या एका म्हाताऱ्याने टोपी काढली आणि चालत्या बुर्गीला विचारलं, कोणतं जनावर गेलं?

"जनावर नाही," बुर्गी म्हणाली. "आमचा हिर्टे." म्हणजे आमचा गुराखी. आई तुम्हाला चिडून म्हणायच्या तोच शब्द.

म्हाताऱ्याने टोपी हातातच ठेवली. त्याच्या शेजारच्याने काढली, मग पुढच्याने. आम्ही चालत होतो आणि टोप्या आमच्यापुढे उतरत चालल्या होत्या. बँड वाजला नाही. घंटा होत्या.

मैदानावर मालक आपापल्या कालवडी ओळखून नेत होते. तो शेतकरी आला आणि त्याने नितीनचा हात हातात घेतला. तेवढं पुरलं.

संध्याकाळ व्हायच्या आत आईंना फोन करायचा होता. पुण्यात जेवणं व्हायची होती. नितीनने फोन माझ्याकडे दिला. आईंनी आधी विचारलं की आम्ही जेवलो का. मग म्हणाल्या, आज ती गुरं उतरायची होती ना? यंदा सगळी होती असं श्री सांगत होता. मी म्हणाले, हो, एकही गेलं नाही.

"मग फुलं घातली असतील."

मी नाही म्हणाले. का नाही, ते सांगितलं. वर गेलेलं माणूस परत आलं नाही तर घालत नाहीत, आणि बुर्गीने तुमच्यासाठी घातली नाहीत. मुकुट तयार होता, तरी.

"म्हणजे सुतक पाळलं त्यांनी," आई म्हणाल्या.

मी म्हणाले, हो.

"बरोबर आहे मग," त्या म्हणाल्या. "सुतक घरच्यांनाच असतं."